नाक्यावरची पावती

नांदेडात देगलूर नाका म्हणून एक वस्ती आहे आणि लातुरात रेणापूर नाका म्हणून एक चौक. दोन्ही ठिकाणी आज रस्त्यावर आडवे लाकूड नाही, वही उघडून बसलेला मुनशी नाही, की गाडीवानाला खाली उतरण्यास दरडावणारा जवान नाही. पण रिक्षावाल्याला नुसते ‘नाका’ एवढे म्हटले की कुठे सोडावयाचे ते त्याला बरोबर उमगते, आणि एके काळी ज्या शब्दासरशी वाटसरूच्या पोटात गोळा उठत असे, तो शब्द आता केवळ उतरण्याचे ठिकाण होऊन बसला आहे. मराठवाड्याचा इतिहास आपण बहुधा लढायांचा, संतांचा आणि मुक्तिसंग्रामाचा म्हणून वाचतो. मला मात्र पुष्कळ दिवसांपासून असे वाटत आले आहे की, तो या आडव्या लाकडाच्या अलीकडे उभे राहून वाचावा, कारण सत्ता आणि सामान्य माणूस यांची समोरासमोर गाठ दरबारात क्वचितच पडते. ती पडते रस्त्यावर, आणि तीही माणूस घाईत असताना.

निजामी मुलुखात सरहद्दीवरील जकातीच्या खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत. हे नाव आले अकबराच्या अमदानीतून: 1574-75च्या सुमारास त्याने ज्या मुलुखाचा वसूल एक कोट दाम होईल अशा मुलुखावर एकेक अंमलदार नेमला, त्याला लोक ‘करोडी’ म्हणू लागले, पुढे तो हुद्दा गेला, कोट दामही गेले, आणि दक्षिणेत त्या नावाचे अवशेष तेवढे जकातनाक्याच्या पाटीवर येऊन चिकटले. वाटसरूकडून वाट चालण्याबद्दल घ्यावयाच्या करास ‘राहदारी’ म्हणत असत. ज्याची कबर आमच्याच खुलताबादेस आहे त्या औरंगजेबाने राज्यारोहणानंतर लवकरच ही राहदारी माफ केल्याचे फर्मान काढले होते. परंतु फौजदार आणि जागीरदार ती पूर्ववत वसूल करीतच राहिले, अशी तक्रार इतिहासकार खाफीखानाने नमूद करून ठेवली आहे. फर्मान दिल्लीस निघावे आणि त्याचा अंमल नाक्यापर्यंत पोहोचू नये, ही गोष्ट त्यानंतरही या रस्त्यांवर इतक्या वेळा घडली की खाफीखानाची ती तक्रार मला जुनी वाटत नाही.

इंग्रज आणि निजाम यांच्यात 1802 साली जो व्यापारी तह झाला, त्यात मालावरील जकात शेकडा पाचापेक्षा अधिक असू नये असे ठरले होते, आणि हे ‘शेकडा पाच’ पुढे शतकाहून अधिक काळ या मुलुखाच्या व्यवहारात मुरून राहिले. नकाशा डोळ्यांसमोर आणल्यावाचून या जकातीचा जाच कळावयाचा नाही. लातूरची तूर, करडई आणि कापूस मुंबईकडे जावयाचा, त्याची वाट बार्शीवरून. बार्शी होती इंग्रजी अंमलात आणि लातूर निजामीत. नांदेडच्या उत्तरेस पैनगंगा ओलांडली की उमरखेड लागे, आणि ते वऱ्हाडात, म्हणजे पुन्हा इंग्रजी कारभाराखाली. नांदेडला सिकंदराबाद-मनमाड मार्गाची मीटरगेज गाडी 1900 साली आली, आणि बार्शी लाईट रेल्वेचे अडीच फुटी रूळ 1911 साली लातुरास पोहोचले. त्यामुळे प्रवास सोपा झाला हे खरे, परंतु नाकाही गाडीबरोबर स्थानकावर आला, एवढेच काय ते. शिवाय दोन अंमल म्हणजे दोन नाणी. निजामाचा रुपया ‘हाली’, इंग्रजांचा ‘कलदार’, आणि भाव असा की सहा कलदारांस सात हाली; म्हणजे सरहद्द ओलांडणाऱ्या शेतकऱ्याला जकातीच्या आधी सराफाचा हिशेब करावा लागे, आणि त्या हिशेबात जो चुके त्याचा जो तोटा होई, त्याबद्दल कोणत्याही कचेरीत फिर्याद नव्हती.

नाका म्हणजे मोठे प्रकरण नसे. मातीच्या भिंतींची एक खोली, पुढे पत्र्याचे किंवा पाल्याचे छप्पर, रस्त्यावर आडवे टाकलेले लाकूड, त्याच्या एका टोकाला दगड बांधलेला, आणि दुसऱ्या टोकाला ते वर-खाली करणारा, विडी ओढीत बसलेला जवान. गाड्यांची रांग लागली की तो पोत्यात परखी खुपसून आत धान्यच आहे की धान्याखाली कापडाचे थान दडविले आहे हे पाही. परखी हे अडत्यांचे हत्यार. मालाची प्रत पाहण्यासाठी ते केले गेले, पण नाक्यावर ते माणसाची नियत पाहण्यासाठी वापरले जाई. पोत्याला पडलेल्या भोकातून धुळीत सांडलेली तूर गाडीवानाने ओंजळीने गोळा करावी आणि जवानाने ‘चल, चल’ म्हणून बैलाच्या पाठीवर थाप मारावी, हे दृश्य ज्या पिढीने पाहिले ती आता संपत आली आहे.

आमच्या घरी आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे, तिच्या तळाशी एक उर्दू चिठोरा कित्येक वर्षे पडून होता. घरात कुणालाच ती लिपी येत नसल्यामुळे तो जमिनीचा कागद असावा अशा समजुतीने जपला गेला, अखेर उर्दू जाणणाऱ्या एका वृद्ध कारकुनाला तो दाखविला, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून हसत सांगितले, “अहो, ही करोडगिरीची रसीद आहे. अर्दीबेहेश्त 1348 फसली. मांजरपाट, दोन थान. किंमत वीस रुपये, जकात एक रुपया.” फसली 1348 म्हणजे 1938-39 साल, कुणाच्या तरी लग्नासाठी आजोबा बार्शीहून कापड आणीत असावेत. जकात एक रुपया घेतली यात नवल नाही, तो शेकडा पाचाचाच हिशेब. मला नवल वाटले ते याचे की हा निरक्षरप्राय शेतकरी, ज्याला त्या कागदावरील एक अक्षरही वाचता येत नव्हते, तो रसीद मिळाल्यावाचून नाक्यावरून हलला नसावा, आणि मिळालेली रसीद त्याने मरेपर्यंत टाकून दिली नाही.

नाक्यावरील माणसाचा हक्क, असे मला त्या दिवशी वाटले, तो या कागदात आहे. कायदा कलमांत असतो, न्यायाधीश शहरात असतो, वकील त्याहून दूर असतो. जवानासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती उरते ते एवढेच की जे तू माझ्याकडून घेतलेस ते लिहून दे. मौज अशी की निजामी राज्य कागदाच्या बाबतीत मुळीच मागासलेले नव्हते. कारभाराची भाषा 1880च्या दशकात फारसीवरून उर्दू झाली, जाब्ता फौजदारी म्हणजे फौजदारी कामकाजाची संहिता राज्यात होती, आणि न्यायखाते कारभारापासून वेगळे करण्याचे फर्मान सातव्या निजामाने 1921च्या सुमारास काढले, जे इंग्रजी हिंदुस्थानात तेव्हा नुसते मागण्यांच्या ठरावांत होते. परंतु प्रजेतील बहुसंख्य मराठी, तेलुगु आणि कानडी, आणि कागद उर्दू. अमीन जे लिहील ते लिहिले, आणि अर्जनवीस जे वाचून दाखवील ते वाचले, अशी स्थिती होती. आपल्याविरुद्ध लिहिलेल्या जबाबावर अंगठा उठविताना त्यात काय लिहिले आहे हे विचारण्याची सोय नसणे, आणि विचारलेच तर तोच उर्मटपणा समजला जाणे, याच्याइतका मोठा अन्याय मला त्या काळच्या कोणत्याही करात दिसत नाही.

सभा भरविणे तर त्याहून अवघड. ‘गश्ती निशाण 53’ या हुकुमाने सार्वजनिक सभेला सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक केली होती, आणि गश्ती म्हणजे कायदा नव्हे, कचेरीतून फिरविलेले परिपत्रक. तरीही तिची जरब कायद्याहून अधिक. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन 1937 साली परतूरला भरले आणि पुढच्या वर्षीचे लातुरात; 1938 सालीच हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिच्या स्थापनेबरोबर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थांसारखे शिक्षक शाळा सोडून तुरुंगात जाऊ लागले ते हत्यार घेऊन नव्हे, परवानगीवाचून बोलण्यासाठी; आणि बोलण्याची परवानगी हा शब्द ज्या राज्यात स्वाभाविक वाटतो, तिथे रस्त्यावर चालण्याचा परवाना स्वाभाविक वाटावा यात आश्चर्य ते काय.

नाक्याचा इतिहास 1947 साली पेटला, आणि तो शब्दशः पेटला. निजामाने हिंदी संघराज्यात सामील होण्याचे नाकारल्यावर, सरहद्दीपलीकडे बार्शीच्या आणि उमरखेडच्या बाजूस स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प उभे राहिले, आणि त्यांचे पहिले लक्ष्य करोडगिरीचे नाके ठरले. इतिहासकार याचे कारण सांगतात ते असे की नाका ही सत्तेची सर्वांत दूरची आणि सर्वांत दुबळी चौकी. हे खरे आहे, परंतु मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नाक्याबरोबर नाक्यातील वह्या जळत. कुणाच्या नावे किती जकात, कुणाकडून काय जप्त, कोण कुठे गेला, हे सारे ज्या वह्यांत उर्दूत लिहिलेले होते, त्या वह्यांच्या होळीभोवती उभे राहिलेल्या तरुणांना आपण एखादी इमारत जाळीत नाही, आपल्यावर लिहिलेला हिशेब जाळीत आहोत, असे वाटत असले पाहिजे.

पण त्याच काळात दुसरी एक झडती सुरू झाली होती, जिला वहीच नव्हती. लातूरला वकिली करणारा कासिम रझवी 1946च्या अखेरीपासून रझाकारांचा नेता झाला, आणि वकिलाच्या हाताखालील ही स्वयंसेवकांची फौज रस्त्यांवर, स्थानकांवर आणि बाजारांत माणसे अडवू लागली. ज्याने मुनसफाच्या कोर्टात वॉरंट, जामीन आणि पुरावा या शब्दांवर पोट भरले, त्याच्याच अनुयायांनी वॉरंटावाचून घरांच्या झडत्या घ्याव्यात, ही गोष्ट इतिहासात वारंवार घडते म्हणून तिची बोच कमी होत नाही. करोडगिरीचा जवान निदान एक रुपया घेऊन एक चिठोरा देत असे. रझाकार देत काहीच नसे, आणि घेत काय असे हे लातूर-नांदेडच्या खेड्यांतील म्हाताऱ्यांना विचारावे. कित्येक कुटुंबे रातोरात गाडीत बिछाने टाकून बार्शी, सोलापूर, पुसदकडे गेली.

सप्टेंबर 1948च्या 13 तारखेस हिंदी फौज आत आली आणि पाच दिवसांत निजामी राज्य संपले. येथे आपले इतिहास बहुधा पडदा पाडतात. मी तो पाडू इच्छीत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत त्याच रस्त्यांवर अडविले जाणारे लोक बदलले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली जी समिती पाठविली, तिने मुसलमान वस्तीवर सर्वाधिक आपत्ती कोसळलेले जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड ही चार नावे लिहिली, आणि लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. संपूर्ण राज्यातील मृतांचा तिचा अंदाज 27,000 ते 40,000 होता. हा अहवाल दीर्घ काळ प्रसिद्ध झाला नाही. नाव विचारणे आणि नावावरून निकाल देणे, ही झडतीची सर्वांत जुनी आणि सर्वांत बिनकागदी रीत आहे. ती कुणा एका पक्षाची मिरास नव्हे, हे आमच्या मुलुखाने दोन वर्षांत दोनदा पाहिले.

मग संविधान आले. निजामाने 23 नोव्हेंबर 1949 रोजी फर्मान काढून ते मान्य केले, आणि 26 जानेवारी 1950 पासून लातूरच्या शेतकऱ्याला भारतात कुठेही मुक्तपणे संचार करण्याचा, अटकेचे कारण समजण्याचा, वकील करण्याचा आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे हजर केले जाण्याचा हक्क मिळाला. 1898ची फौजदारी संहिता हैदराबाद राज्याला 1 एप्रिल 1951 पासून लागू झाली. नाके मात्र इतक्या लवकर उठले नाहीत: 306व्या अनुच्छेदाने जुन्या संस्थानी राज्यांना आंतरराज्य मालावर काही काळ जकात घेण्याची मुभा ठेवली होती, आणि तो अनुच्छेद 1956च्या सातव्या दुरुस्तीत गळाला, त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला.

नव्या संहितेबरोबर एक शब्द नव्या रुबाबाने मिरवू लागला, तो म्हणजे ‘पंचनामा’. संस्कृत पंच आणि फारसी नामा यांचा हा संकर, दोन अंमलांत नांदलेल्या आमच्या मुलुखाला शोभणारा. झडती घ्यावयाची तर त्या वस्तीतील दोन वा अधिक प्रतिष्ठित इसम समक्ष हवेत, सापडलेल्या वस्तूंची यादी व्हावी, तीवर त्यांच्या सह्या व्हाव्यात, झडती ज्याच्या घराची वा अंगाची त्याला नक्कल मिळावी, आणि स्त्रीची झडती स्त्रीनेच, मर्यादा राखून घ्यावी. कल्पना सुंदर आहे: सत्तेने हात घालावा, पण शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. व्यवहारात मात्र ओसाड रस्त्यावर, रात्री दोनच्या सुमारास, प्रतिष्ठित इसम कोठून आणावयाचे? त्यामुळे ठाण्याजवळच्या चहाच्या टपरीवर नेमके पंच मिळू लागले, तेच ते, वर्षानुवर्षे. कोर्टात उलटतपासणीच्या वेळी ‘यापूर्वी किती पंचनाम्यांवर सही केली?’ हा प्रश्न निघाला की असा पंच आढ्याकडे पाहू लागतो. तरीही त्या उलटतपासणीला जागा आहे, आणि ती जागा कागदाने दिली आहे.

परंतु कागद ही ढाल आहे, असे मी आतापर्यंत म्हणत आलो, ते ज्यांच्या बाबतीत खरे नाही असे लोक याच मुलुखात राहतात. इंग्रजांनी 1871 साली ‘गुन्हेगार जमातीं’चा कायदा केला, निजामी मुलुखातही त्याच वळणाचा कायदा आला. पारधी, कैकाडी, उचल्या अशा जातींत जन्मलेल्या माणसाने गुन्हा केला असो वा नसो, ठरल्या वेळी हजेरी द्यावी, गाव सोडावयाचे तर पास घ्यावा, आणि पासावर लिहिलेल्या गावी पोहोचल्याची नोंद करावी, अशी ती व्यवस्था. बाकीच्यांनी नाक्यावर कागद मागावयाचा. यांनी नाक्यावर कागद दाखवावयाचा. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, तरी लगोलग सराईत गुन्हेगारांच्या नावाने दुसरे कायदे उभे राहिले, आणि ठाण्यातील जुनी यादी जिथे होती तिथेच राहिली. लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’ हे आत्मकथन 1987 साली लिहिले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते वाचताना माझ्या लक्षात आले की, ज्या रसिदीचे मी एवढे कौतुक करीत होतो ती मागण्याची हिंमत आजोबांच्या अंगी होती, कारण जवानाने आजोबांना चोर गृहीत धरलेले नव्हते. शेतकऱ्याने ‘पावती द्या’ म्हटले तर तो आगाऊपणा. पारध्याने म्हटले तर ती कबुली.

कागद खरोखर ढाल होतो, असेही एक ठिकाण याच मुलुखात आहे. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे नांदेड हे शीख समाजाचे पवित्र क्षेत्र. कृपाण धारण करणे हा शीख धर्माचा भाग आहे, असे संविधानाच्या 25व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातच लिहिले आहे. तेव्हा नांदेडच्या रस्त्यावर कृपाण पाहून हटकणारा एखादा परगावचा शिपाई भेटला तर त्याला उत्तर देण्यासाठी वकिलाची नव्हे, संविधानाच्या एका ओळीची गरज आहे. पण 2020च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा पंजाबातून आलेले हजारो यात्रेकरू याच नांदेडात अडकले. गुरुद्वाऱ्याने त्यांच्या जेवणाची सोय केली आणि महिन्याभराने बसगाड्यांनी त्यांची रवानगी झाली. त्या उन्हाळ्यात राहदारी परत आली. तिचे नवे नाव होते ‘ई-पास’. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्यासाठी तो लागे, आणि महाराष्ट्रात 2 सप्टेंबरपासून तो बंद झाला. ज्या कायद्यांनी हे सारे बांधले गेले त्यांतला साथरोगाचा कायदा 1897चा, म्हणजे बार्शी लाईट रेल्वे ज्या साली सुरू झाली त्याच सालचा. जिल्ह्याच्या सीमेवर बांबू आडवा टाकलेला होता. कित्येक ठिकाणी त्याच्या एका टोकाला दगडही बांधलेला होता.

राज्यांच्या सीमेवरील विक्रीकराचे नाके 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कराबरोबर उठले, तरी रस्ता मोकळा आहे असे कुणी समजू नये. उदगीरहून बीदरकडे, देगलूर-बिलोलीहून तेलंगणाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर निवडणुकीच्या दिवसांत स्थिर पथकांचे तंबू उभे राहतात, आणि सोयाबीन वा कापूस विकून रोकड घेऊन परतणाऱ्या शेतकऱ्याच्या पिशवीत पन्नास हजारांहून अधिक रक्कम निघाली की तिचा हिशेब विचारला जातो. आता झडतीचे चित्रीकरण होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारकच केले आहे. रोकड जप्त झाली तर जप्तीच्या कागदावर अपील कोठे करावयाचे हे लिहून दिले पाहिजे, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे, आणि ती परत देण्याचा निर्णय करणारी समिती जिल्ह्यातच बसते. ठाण्याच्या हवालदाराला गाडीची कागदपत्रे अडकवून ठेवावयाची तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे पोच द्यावी लागते. परवाना जवळ नसेल तर मोबाइलवरील प्रतही चालते. हे सारे छापलेले आहे, मराठीत आहे, आणि वाचता येते.

गेल्या निवडणुकीच्या वेळी अशाच एका तंबूपुढे आमची जीप थांबविली होती. पुढच्या टेंपोतल्या, डोक्याला पंचा गुंडाळलेल्या एका वयस्क शेतकऱ्याची पिशवी टेबलावर रिकामी झाली, नोटा मोजल्या गेल्या, अडत्याची पट्टी पाहिली गेली, आणि रक्कम पट्टीशी जुळली तेव्हा पथकातल्या तरुण अंमलदाराने ‘जा काका’ म्हणून पिशवी परत केली. काका गेले नाहीत. त्यांनी नोटा पुन्हा स्वतः मोजल्या, पिशवीचे तोंड बांधले आणि म्हणाले, “साहेब, मोजून परत दिल्या, असं एका कागदावर लिहून द्या की. पुढं आणखी एक तंबू हाय.”

अंमलदाराने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, मागच्या गाड्यांच्या रांगेकडे पाहिले, आणि मग वहीचे एक पान फाडून खिशातून पेन काढले.